बांधावर थांबलेल्या गल्ल्या: आपल्या वस्तीचं रस्त्यांचं जाळं कसं तपासायचं

आमच्या गल्लीच्या टोकाला सहा फुटी भिंत आहे. भिंतीपलीकडे दुसऱ्या कॉलनीची गल्ली आणि तिच्या पुढे शाळा. भिंतीच्या बुडाशी कुणीतरी सिमेंटचे दोन ब्लॉक आणून ठेवलेत, वरच्या थरातल्या चार विटा काढून खाच केलीय. सकाळी पावणेसातला मुलं येतात, दप्तर आधी पलीकडं टाकतात, ब्लॉकवर पाय देऊन खाचेत बसतात आणि उडी मारतात. खाचेची कड आता हाताला गुळगुळीत लागते. नकाशावर पट्टी लावली तर आमच्या घरापासून शाळा दीडशे मीटर. रस्त्यानं गेलं तर अकराशे, आणि त्यातले चारशे मीटर बायपासच्या कडेनं, ट्रकांच्या शेजारून.

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, जालना, बीड, परभणी, कुठल्याही शहराच्या कडेला गेलात की अशा भिंती सापडतात. शहर वाढलं असं आपण म्हणतो तेव्हा घरं वाढलेली दिसतात. रस्तेही वाढलेले असतात, पण ते एकमेकांना भेटतात का, हे कुणी बघत नाही. संभाजीनगरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८ लाख ७३ हजार होती, २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार. दहा वर्षांत वाढलेल्या या तीन लाख माणसांतली कितीतरी कडेच्या शेतांवर राहायला गेली, आणि त्या शेतांवर जे रस्ते पडले ते आता पुढची शंभर वर्षं हलणार नाहीत. घर पाडून नवं बांधता येतं. रस्त्याची रेघ एकदा दोन्ही बाजूंच्या खरेदीखतांत अडकली की ती सोडवायला पिढ्या जातात.

म्हणून हा लेख. आपल्या वस्तीचं जाळं किती जोडलेलं आहे हे दोन संध्याकाळींत कसं मोजायचं, ते तसं का झालं हे कसं शोधायचं, आणि मोजून झाल्यावर त्या आकड्यांचं काय करायचं, हे सगळं करून बघितल्यावर लिहितो आहे. एक मोठा कागद, पाच रंगांचे पेन, मोबाइल आणि पायात चप्पल, एवढ्यात काम होतं.

आधी बांधाचा हिशोब समजून घ्या

मोजायला लागण्यापूर्वी आपल्याकडच्या बंद गल्ल्या कुठून येतात ते डोक्यात पक्कं असू द्या. अमेरिकेत बिल्डरांनी मुद्दाम बंद गल्ल्या आखल्या, शांतता विकायला. आपल्याकडे गल्ली बंद होते ती बांधामुळे.

एक एकराची पट्टी घ्या, शंभर फूट रुंद आणि ४३५ फूट लांब. मालक किंवा एजंट मधोमध २० फुटांचा रस्ता टाकतो. दोन्ही बाजूंना ४० फूट खोलीचे प्लॉट पडतात. २० फुटी तोंड धरलं तर एका बाजूला २१, दोन्ही बाजूंना मिळून ४२ प्लॉट. आता या पट्टीतून शेजारच्या शेतात जाणारा २० फुटांचा आडवा रस्ता सोडायचा म्हटलं तर समोरासमोरचे दोन प्लॉट जातात. ४२ मधले दोन म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. पण ते दोन प्लॉट सोडणाऱ्याला शेजाऱ्याची खात्री नसते. शेजारी उद्या त्याच जागी रस्ता सोडेल की तिथंच भिंत घालेल? दोघंही थांबतात, दोघांचेही रस्ते बांधावर येऊन मरतात. शेजारी शेजारी अशा दोन पट्ट्या धरा. दोन्ही गल्ल्यांच्या शेवटच्या टोकांत अंतर शंभर फूट. पायी जायचं तर ४३५ फूट मागं, शंभर फूट आडवं, पुन्हा ४३५ फूट आत. म्हणजे ९७० फूट, जवळपास दहापट. अशा पन्नास पट्ट्या एका मोठ्या रस्त्याला लागल्या की तो रस्ता तुंबतो, आणि आपण म्हणतो गाड्या फार झाल्या.

याला आपण गुंठेवारी म्हणतो. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. २००१ मध्ये महाराष्ट्रात गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. घरं कायदेशीर झाली हे चांगलंच झालं, त्या घरांत कष्टाचे पैसे आहेत. पण घर नियमित झालं म्हणून बांधावर मेलेली गल्ली पुढं सरकत नाही. ते काम वेगळं करावं लागतं.

तुकडा निवडा आणि कागदावर उतरवा

पूर्ण शहर मोजायला जाऊ नका. एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा चौकोन पुरे. गुगल मॅप्सवर एका ठिकाणी बोट दाबून धरलं की अंतर मोजायची सोय मिळते, तिनं चारही कडा ठरवा. चौकोनात तुमचं घर असू द्या, आणि जमलं तर शाळा, दवाखाना, किराणा, रिक्षा स्टँड यांतलं काहीतरी. शक्य असेल तर दोन चौकोन घ्या. एक तुमचा आणि एक तुलनेसाठी शहराच्या जुन्या भागातला.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा वापरा. तो लोकांनीच बनवलेला, सगळ्यांना मोकळा आहे आणि छापून त्यावर रेघोट्या मारायला बंदी नाही. मराठवाड्यातल्या कडेच्या वस्त्यांत मात्र त्यावर गल्ल्या राहून गेलेल्या असतात, तेव्हा उपग्रहाचं चित्र शेजारी ठेवून जुळवून घ्या. राहिलेली गल्ली दिसली तर खातं उघडून स्वतः टाका. अर्ध्या तासात शिकता येतं, आणि तुम्ही टाकलेली गल्ली उद्या रुग्णवाहिकेच्या चालकाच्या मोबाइलवरही दिसू शकते.

कागद शक्यतो मोठा घ्या, ए-३ किंवा दोन ए-४ जोडून. झेरॉक्सवाल्याकडे दहा-वीस रुपयांचं काम आहे. छोट्या कागदावर बोळ दिसत नाहीत, आणि आपल्याला बोळच तर बघायचे आहेत.

मोजणी: चौक, टी पॉइंट, बंद टोक

तीन रंग ठरवा. जिथं चार रस्ते मिळतात तो चौक, त्याला हिरवा ठिपका. जिथं तीन मिळतात तो टी पॉइंट, त्याला निळा. जिथं रस्ता संपतो ते बंद टोक, त्याला लाल. नुसतं वळण असेल तर ठिपका नको, वळण म्हणजे जोड नव्हे.

इथं तीन ठिकाणी हमखास चूक होते. चौकोनाच्या कडेला रस्ता कागदाबाहेर जातो, तिथं लाल ठिपका देऊ नका. तो पुढं चालू आहे, फक्त आपला कागद संपलाय. गोल चौकाला एकच ठिपका द्या, त्याच्या प्रत्येक तोंडाला वेगळा नको. आणि दुभाजकाच्या रस्त्याला, म्हणजे संभाजीनगरच्या जालना रोडसारख्या रस्त्याला, गल्ली लागते पण समोर दुभाजक तोडलेला नसतो. तिथं नकाशावर चौक दिसला तरी माणसाला पलीकडे जाता येत नाही. तो चौक धरू नका, दोन बाजूंना दोन टी पॉइंट धरा.

आता गणित. चौकांची संख्या गुणिले चार, टी पॉइंटची गुणिले तीन, बंद टोकांची गुणिले एक. तिन्हींची बेरीज करा आणि सगळ्या ठिपक्यांच्या संख्येनं भागा. समजा १२ चौक, ३० टी पॉइंट आणि १८ बंद टोकं निघाली. ४८ अधिक ९० अधिक १८ म्हणजे १५६. ठिपके ६०. उत्तर २.६. याचा अर्थ एका ठिपक्यापासून सरासरी २.६ वाटा फुटतात.

पूर्ण चौकटीचं जाळं असेल तर हा आकडा चारच्या जवळ जातो. झाडासारखं असेल, म्हणजे खोडाला फांदी आणि फांदीला डहाळी, कुठंही वळसा पूर्ण होत नाही, तर तो दोनच्या खाली येतो. हे गणितानंच ठरतं. याच आकड्याचा निम्मा केला की साधारणपणे दोन ठिपक्यांमधले रस्त्यांचे तुकडे भागिले ठिपके हे गुणोत्तर मिळतं. आपल्या उदाहरणात ते १.३ आहे. अमेरिकेतल्या काही शहरांनी नव्या वसाहतींसाठी किमान १.४ ची अट घातलेली आहे. मी स्वतः आपल्याकडे अडीचच्या खाली आलेल्या सरासरीकडे काळजीनं बघतो, कारण आपल्याकडे लोक पायी आणि सायकलवर जास्त आहेत, वळसा त्यांच्या पायांवर पडतो.

दोन आकडे आणखी लिहून ठेवा: शंभर ठिपक्यांमागे लाल किती, आणि एका चौरस किलोमीटरात हिरवे-निळे मिळून किती. संयुक्त राष्ट्रांची शहरांसाठी काम करणारी संस्था, यूएन-हॅबिटॅट, चौरस किलोमीटरला ८० ते १२० जोड, किमान १८ किलोमीटर रस्ते आणि ३० टक्के जमीन रस्त्यांना, असं सांगते. गुंठेवारीत मात्र या जोडांच्या संख्येनं फसू नका. बारक्या गल्ल्या इतक्या असतात की जोड दोनशेही निघतील, आणि तरी निम्म्या गल्ल्या भिंतीला जाऊन टेकलेल्या असतील. लालची टक्केवारी शेजारी ठेवल्याशिवाय दुसरा आकडा कुणाला दाखवू नका.

ही पद्धत माझ्या डोक्यातून आलेली नाही. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी अशाच मोजण्या आधी अमेरिकेवर आणि मग २०२० मध्ये ओपनस्ट्रीटमॅप घेऊन जगभरच्या शहरांवर केल्या. १९७५ नंतर जगात जे नवे रस्ते पडत गेले ते उत्तरोत्तर कमी जोडलेले होते, असं त्यांना दिसलं. अमेरिकेत ही तुटकी वाढ १९९४ च्या सुमारास सर्वांत जास्त होती, मग कमी होऊ लागली. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांनी आणि जपाननं जाळं बरंचसं जोडलेलं ठेवलं. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी आपल्या बांधांवरही दिसते: तुटक्या रस्त्यांच्या शेजारी पुढचेही रस्ते तुटकेच पडतात. ज्यांना संगणक येतो त्यांनी पायथन या संगणकभाषेतलं ओएसएमएनएक्स हे साधन वापरावं, सगळे आकडे काही मिनिटांत निघतात. तरी एकदा हातानं ठिपके द्याच. हात फिरतो तेव्हा कुठली भिंत कुणाच्या दारात आहे हे लक्षात राहतं.

चालून बघा

नकाशा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. दुसऱ्या संध्याकाळी घराबाहेर पडा. पाच ठिकाणं ठरवा: शाळा, दवाखाना, किराणा, बस किंवा रिक्षा थांबा, आणि कुणातरी नातेवाइकाचं घर. प्रत्येकाचं सरळ अंतर नकाशावर मोजा, मग खरोखर चाला आणि मोबाइलवर चाललेलं अंतर बघा. चाललेलं भागिले सरळ. चौकोनी जाळ्यात हा आकडा जास्तीत जास्त १.४१ होतो, सरासरी १.२७ च्या आसपास राहतो. आमच्या शाळेचा आकडा सातच्या वर आहे.

हे चालणं एकट्यानं करू नका. एकदा एखाद्या आजींबरोबर चाला, एकदा शाळेच्या मुलांबरोबर. मुलं तुम्हाला नकाशावर नसलेल्या वाटा दाखवतील: तारेच्या कुंपणातली फट, नाल्यात टाकलेले दगड, मोकळ्या प्लॉटमधून पडलेली पाऊलवाट, आमच्यासारखी भिंतीतली खाच. यातली प्रत्येक जागा वहीत लिहा, फोटो काढा, नकाशावर पिवळी खूण करा. कुठं जोड हवा हे लोकांनी पायांनी सांगून ठेवलंय, यापेक्षा चांगला पुरावा नगररचनेच्या कुठल्याही सल्लागाराकडे मिळणार नाही. मग आजींना विचारा की यातल्या कुठल्या वाटेनं त्या जाऊ शकतात. बहुतेक वेळा उत्तर येतं, एकीनंही नाही.

आणि टँकरवाल्याशी बोला. संभाजीनगरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे मी सांगायची गरज नाही, आणि कडेच्या कितीतरी वस्त्यांना नळच नाही. उन्हाळ्यात टँकर आला की बंद गल्लीचा खरा अर्थ कळतो. आमच्याकडे येणारा चालक गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून म्हणाला होता, "साहेब, आत घालून काय करू? वळवायला जागाच न्हाई. रिव्हर्स घ्यायची तर मागं पोरं खेळतेत." मग पाइप तोंडापासून ओढायचा, किंवा बायकांनी टाक्या-ड्रम घेऊन तोंडापर्यंत यायचं. गल्ली दोन्हीकडून उघडी असती तर टँकर एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं गेला असता. घंटागाडीचं तेच, अग्निशमनाच्या बंबाचं तेच. तुमच्या कागदावर प्रत्येक लाल ठिपक्याजवळ लिहा: इथं टँकर वळतो का? मोठी गाडी मागं घ्यायला किती लांब यावं लागतं?

मानेच्या जागा शोधा

माणसाच्या शरीरात मान जशी, तशी प्रत्येक वस्तीत एखादी जागा असते. ती बंद झाली की आतलं सगळं अडकतं. एखादा नाल्यावरचा नळकांडी पूल, रेल्वेखालचा बोगदा, कॉलनीचं एकुलतं एक तोंड. शोधायची रीत सोपी आहे. नकाशावर एकेका रस्त्यावर बोट ठेवा आणि विचारा, हा आज ड्रेनेजसाठी खोदला तर पलीकडची घरं बाहेर कशी येतील? वाटच उरत नसेल तर तिथं जाड काळी फुली मारा. मग त्या फुलीमागं किती घरं आहेत ते मोजा.

मराठवाड्यातली शहरं या बाबतीत नदीनं आणि रुळानं आखलेली आहेत. जालन्यात कुंडलिकेनं जुना जालना आणि नवीन जालना वेगळे ठेवले. बीडला बिंदुसरा मधून जाते. नांदेडला गोदावरी ओलांडून सिडको-हडकोकडं जायचं तर पूल किती आणि कुठं यावर सगळं. संभाजीनगरात जालना रोड आणि बीड बायपास यांच्यामध्ये रेल्वे रूळ आडवा आहे, त्यामुळे सातारा-देवळाईकडच्या माणसाला शहरात यायला मोजक्याच जागा. नदी आणि रूळ बदलता येत नाहीत, म्हणून तिथल्या प्रत्येक ओलांडणीची किंमत मोठी. बांध मात्र नदी नव्हे. तुमच्या कागदावर नैसर्गिक अडथळ्याला निळी रेघ आणि माणसानं घातलेल्या अडथळ्याला लाल रेघ द्या. आमच्या कागदावर लाल रेघा निळ्यांच्या कितीतरी पट निघाल्या, आणि ते बघून मला वाईटही वाटलं आणि आशाही वाटली.

मागं जाऊन बघा

संगणकावर गुगल अर्थ प्रो उघडा, फुकट आहे. त्यात जुनी उपग्रह चित्रं बघायची वेळेची पट्टी असते. आपल्या भागाची साधारण २००० नंतरची चित्रं मिळतात. पट्टी मागं सरकवा आणि आपली कॉलनी शेतात परत जाताना बघा. बांध दिसतील, विहीर दिसेल, एखादी बाभळींची रांग दिसेल. मग एकेक वर्ष पुढं या. कुठल्या शेतावर आधी प्लॉट पडले, कुठल्या नंतर, रस्ता कुठं थांबला, ते कागदावर सालासकट लिहा.

यानंतर सरकारी गावनकाशा काढा. महाभूनकाशा या संकेतस्थळावर गटनकाशे बघता येतात, आणि मूळ गावनकाशाची प्रत भूमिअभिलेख कार्यालयात मागता येते. त्यात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं आणि पायवाट तुटक एकेरी रेषेनं दाखवलेली असते. शीवरस्ता, पाणंद, गाडीवाट, हे आपल्या आजोबांचे जोडरस्ते. हंगामात बैलगाड्या एका शेतातून दुसऱ्या शेताकडं यांवरूनच जात. कितीतरी कॉलन्यांनी ही पाणंद गिळलेली असते, कुठं कंपाउंडमध्ये घेतलेली, कुठं कचऱ्याखाली गेलेली. ती सापडली तर तुमच्या हातात मोठी गोष्ट आहे, कारण ती कुणाच्या मालकीच्या प्लॉटमधून मागायची नाही, ती नोंदीवर आधीपासून आहे.

तुलनेचा दुसरा चौकोन घेतला असेल तर आता त्याच्याकडं बघा. लातूरला गंजगोलाई घ्या. १९१७ मध्ये बांधलेली गोल इमारत, मध्ये जगदंबेचं मंदिर, आणि गोलातून बाहेर पडणारे १६ रस्ते. व्यापारासाठी आखलेली ती रचना आजही पेठेला चालवते. संभाजीनगरचा जुना भाग घ्या. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा केला. तिथल्या गल्ल्या अरुंद आहेत, वाकड्या आहेत, गाडीवाल्याला त्यांचा राग येतो. पण पायी निघालात तर एका बोळातून दुसऱ्या बोळात, तिथून बाजारात निघता येतं. वाकडी गल्ली आणि तुटकी गल्ली यांतला फरक तिथं कळतो. मग सिडकोचा एखादा भाग, एन-४ किंवा एन-६. तिथं आधी रेघ पडली, मग घर. कडेच्या वस्तीत क्रम उलटा झाला, एवढंच मूळ दुखणं.

प्लॉट घेणार असाल तर

हा भाग ज्यांच्या हातात अजून वेळ आहे त्यांच्यासाठी. जागा बघायला जाताना एजंट रस्ता दाखवतो तो मोठ्या रस्त्यापासून प्लॉटपर्यंतचा. तुम्ही प्लॉटपासून पुढं चालत जा, रस्ता संपेपर्यंत. तो बांधापर्यंत पोहोचतो की चार-पाच फूट आधी थांबतो? आधी थांबत असेल तर ती मधली पट्टी कुणाच्या नावावर आहे ते विचारा. ती पट्टी मालकानं स्वतःकडं ठेवलेली असेल तर उद्या शेजारच्या ले-आउटला वाट द्यायची की नाही हे तो एकटा ठरवणार. मंजूर ले-आउटची प्रत मागा, "मंजुरीला टाकलंय" यावर विसंबू नका. नगररचना विभागाकडून त्या गटाचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. विकास आराखड्यातला रस्ता गटातून जात असेल तर त्यात दिसतो. तो रस्ता प्लॉटमधूनच जात असेल तर घेऊ नका, पण शेजारून जात असेल तर ती चांगली बातमी आहे.

शेजारच्या शेतकऱ्याला भेटा, चहा घ्या. त्याची जमीन पडायची आहे का, कधी, रस्ता कुठं सोडणार, विचारा. दोन्ही मालक एका टेबलावर बसून एकच आडवा रस्ता समोरासमोर सोडायला तयार झाले तर ते प्लॉट पडायच्या आधीच होऊ शकतं. पहिली भिंत उभी राहिली की तो दिवस गेला.

मोजून झालं, पुढं काय

शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे हरकती आणि सूचना मागवल्या जातात. सूचनेत मुदत छापलेली असते, ती थोडी असते, त्यामुळे तुमचा कागद आधी तयार पाहिजे. हरकतीत "आमच्या भागात रस्ते नाहीत" असं लिहू नका. गट क्रमांक लिहा, लाल ठिपक्यांची टक्केवारी लिहा, काळ्या फुलीमागची घरं लिहा, शाळेचा सात पट वळसा लिहा, पाणंदीचा नकाशा जोडा, आणि कुठल्या दोन टोकांमध्ये किती मीटरचा जोड हवा ते नेमकं दाखवा. अनेकदा तो जोड दहा-पंधरा मीटरचाच निघतो. ले-आउटच्या प्रती कार्यालयात मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे.

याच कायद्यात नगररचना योजना म्हणूनही एक मार्ग आहे. अनेक मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आकारात सगळ्यांना प्रमाणात परत द्यायची. अहमदाबाद मोठ्या प्रमाणावर असंच वाढलं. वर सांगितलेला दोन प्लॉटांचा पेच यात सुटतो, कारण तोटा एकट्यावर पडत नाही. ज्या गावांभोवती अजून शेतं आहेत तिथल्या लोकप्रतिनिधींकडं मी तरी हीच मागणी करीन.

जिथं घरं उभी राहिली तिथं मोटारीचा रस्ता मागायचा हट्ट सोडा. पायवाट मागा. बंद गल्लीतल्या लोकांना भीती दोनच असतात: चोर येतील आणि अनोळखी गाड्या भरधाव जातील. भीती खरी आहे, तिला हसू नका. भिंतीत चार फुटांची मोकळी जागा, लोखंडी खांब मध्ये नको, दोन्ही कडांना असू द्या, वर एक दिवा. कार जाणार नाही, माणूस, सायकल आणि व्हीलचेअर जाईल. व्हीलचेअरला तीन फूट मोकळे लागतात, त्यामुळे मोटारसायकलही निघेल, हे आधीच सगळ्यांना सांगून टाका. मोटारसायकल अडवायला आडवेतिडवे पाइप बसवले की आजी आणि व्हीलचेअरही अडते. त्यापेक्षा पुढं एक गतिरोधक घालावा असं माझं मत.

आम्ही आमच्या भिंतीसाठी दोन्ही कॉलन्यांतल्या माणसांना एकत्र बसवलं. नकाशा मध्ये पसरला. पलीकडच्या एका काकांनी लाल ठिपके स्वतः पुन्हा मोजले, आणि आमचे दोन चुकले होते ते दाखवून दिले. त्यांचा नातूही त्याच खाचेतून शिकवणीला आमच्याकडं येतो. जमिनीच्या मालकानं कागद ठेवून घेतला, वकिलाला विचारून सांगतो म्हणाला. भिंत अजून तशीच आहे. उडी मारल्यावर पलीकडं पाय टेकायला काही नव्हतं, तिथं गेल्या महिन्यात आम्ही एक सपाट दगड बसवला.